दोन आखूड, एक लांब

आमच्या आप्पांना नावानं हाक मारून उपयोग नाही. मारून बघा, घसा दुखेल. उभी हयात यंत्रमागावर काढलेल्या माणसाचे कान काय होतात, ते ज्याच्या घरात असा माणूस आहे त्यालाच ठाऊक. पंगतीत वाढपी विचारून विचारून पुढं निघून जातो आणि आप्पा आपले पत्रावळीकडे बघत बसलेले असतात. पण लांबून कुणी शीळ घालू दे, दोन आखूड आणि एक लांब, शेवटाला जराशी वर चढवलेली, की आप्पांची मान गर्रकन वळते. झोपेत असले तरी वळते. हे मी स्वतः बघितलंय.

त्याचं असं आहे की मागाच्या खात्यात माणसाच्या आवाजाला किंमतच नसते. ओळीनं लावलेले माग एकदम धडधडायला लागले की शेजारी उभा असलेला माणूस ओरडला तरी नुसते ओठ हललेले दिसतात. शीळ मात्र त्या गोंगाटातून आरपार जाते. आप्पा मूळचे करमाळ्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. शीळ घालायची विद्या त्यांनी तिकडूनच आणली. सोलापुरात आल्यावर त्यांना माग शिकवला तो अण्णांनी. अण्णा शहरातल्या तेलुगू विणकरांच्या घरातले, आप्पांपेक्षा थोडे मोठे आणि त्यांचे जिवाभावाचे. मागाच्या बदल्यात आप्पांनी अण्णांना शीळ शिकवली आणि मग दोघांनी मिळून सगळ्या खात्याला एकेक शीळ वाटून दिली. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला चहा पाजायचा आणि त्याची शीळ ठरवायची, ही आमच्या कारखान्याची रीत झाली. कुणाची तीन आखूड, कुणाची एकच लांब. बोलवायचं असलं तरी तीच आणि धोका असला तरी तीच. सूत घेऊन धावणारा धोटा मागावरून उडाला, पट्टा सुटला, की ज्याच्या अंगावर ते येतंय त्याची शीळ घालायची. तो न बघता बाजूला होतो.

लहानपणी मी एकदा दोन बोटं तोंडात घालून आप्पांना याच शिळेनं जेवायला बोलावलं होतं. आईनं पाठीत असा धपाटा घातला की माझी बोटं दाताखाली आली. पोरीच्या जातीनं शीळ घातली की घरात अवदसा येते, असं तिचं म्हणणं. मी पुढं चोरून घालत राहिले ती गोष्ट वेगळी. मी मुळात ऐकणाऱ्यातली नाहीच.

आम्ही राहतो ती खोली कारखान्याच्या आवारातली आहे. मागची भिंत थेट खात्याला लागून, आणि त्या भिंतीला गजांची एक खिडकी. खिडकी उघडली की सुताची पिंज घरभर होते म्हणून आईनं ती कैक वर्षं लावून टाकलेली. त्या भिंतीला टेकून ती शाळेच्या गणवेशांचे शर्ट शिवते, आणि मी बाजारात चादरीच्या एका दुकानात बिलं करते. खोली कामाबरोबर मिळालेली. काम आहे तोवर खोली, काम गेलं की त्याच दिवशी चूल बाहेर. हे कुणी कधी बोलून दाखवत नाही, बोलायची गरजही पडत नाही.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. खात्याचा पत्रा गळत होता, पाणी स्विचबोर्डापर्यंत येत होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. एक दिवस अण्णांनी मागाला हात लावला आणि चिकटले. मेन स्विच आप्पांनी बंद केला, पण तोवर उशीर झाला होता. कारखान्याकडून काय सांगण्यात आलं? की अण्णांची त्या दिवशी पाळीच नव्हती, ते सहज भेटायला आले होते आणि गेटाजवळ त्यांच्या छातीत कळ आली. सगळ्या खात्यानं मान हलवली. आप्पांनीही हलवली. मला असा संताप आला होता की विचारू नका. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत ना, असं मी तोंडावर विचारलं. आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तसाच धरून बसले. आई मला म्हणाली, गप्प बस. मी गप्प बसले, कारण तिचे डोळे त्या वेळी आप्पांकडे नव्हते, खोलीच्या छताकडे होते.

अण्णांचा मुलगा गातो. पुण्याला शिकायला होता तेव्हापासून गातो. टँकरच्या पाण्यावर, रस्त्यावर, भरतीच्या परीक्षांवर त्याची गाणी आहेत, आणि पोरं ती मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. बाप गेल्यावर तो बरेच महिने गप्प होता. मग कळलं की तो नवा अल्बम करतोय, सगळा कारखान्यांवर, सगळा निषेधाचा, आणि त्यासाठी खात्यातल्या एकेकाच्या दारात जातोय. त्याला बघितलं की लोक दार लावायचे. आमच्या दारात तो आलाच नाही, बापाच्या दोस्ताला अडचणीत टाकायचं नाही म्हणून. आप्पाच एक दिवस उठून त्याच्या घरी गेले आणि जे घडलं ते सगळं सांगून आले. आम्हाला विचारलं नाही की सांगितलं नाही. परत आल्यावर आईला म्हणाले, अट घातलीय, माझं नाव नको आणि माझा आवाज नको. पोरानं आईची शपथ घेतलीय. आईच्या हातातली कात्री खाली पडली. ती उचलायलाही ती वाकली नाही.

तेव्हापासून आमच्या घरात भीती राहायला आली. अण्णा कामावर होते हे सांगणारा एकच माणूस, आणि तो कोण हे कळलं की आप्पांचं काम आणि ही खोली, दोन्ही एका दमात जाणार. गेटावरचा रखवालदार जरा जास्त वेळ बघत राहिला तरी मी पावलं उचलायची. आई शर्ट शिवता शिवता मशीन थांबवून बाहेरच्या पावलांचा अंदाज घ्यायची. आप्पांना मात्र पावलं ऐकूच येत नाहीत. कधीकधी मला वाटायचं, सुटले बिचारे.

अल्बम बाहेर यायच्या आधी तो निवडक माणसांना ऐकवायचा, असं त्या मुलानं ठरवलं. निरोप आमच्याकडेही आला. आई म्हणाली, पाय मोडीन पण जाऊ देणार नाही. मी पहिल्यांदाच तिच्या बाजूनं बोलले. आप्पांनी दोघींचं ऐकून घेतलं, म्हणजे आमचे ओठ हलताना बघितले, आणि म्हणाले,

"अण्णाच्या पोराचं हाय. सगळं खातं जाणार आन् मी न्हाय गेलो, तर लोक इचारतील की, ह्योच कसा न्हाय आला."

 मग ठरलं की मी बरोबर जायचं आणि आप्पांना तोंड उघडू द्यायचं नाही. कानानं कमी झालेल्या माणसांचं कुजबुजणं कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. ते कानात सांगायला जातात आणि ते अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. आईनं निघताना माझ्या हातावर दही ठेवलं, आप्पांच्या हातावर ठेवलं, आणि दार आमच्या पाठीवर इतक्या घाईनं लावलं की माझी ओढणी अडकली.

कारखान्याच्या सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ. एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयाचा वरचा हॉल होता. खिडक्यांवर आणि भिंतींवर चादरी टांगलेल्या, आवाज घुमू नये आणि बाहेर जाऊ नये म्हणून. आपल्या सोलापूरच्याच, मोर, फुलं, नक्षी असलेल्या. आत नुसती भट्टी. आप्पा आल्या आल्या एका चादरीची कड उलटी करून बघायला लागले, कुणाच्या मागाची आहे म्हणून. मी त्यांच्या बाहीला धरून ओढलं.

दारात काकू उभ्या होत्या, अण्णांच्या बायको. त्यांच्या पुढ्यात एक दुरडी, तिच्यात सगळ्यांनी आपले मोबाइल ठेवायचे. कुणी चोरून काही रेकॉर्ड करू नये म्हणून ही सोय. मी माझा ठेवला, आप्पांचा ठेवला. काकूंनी आप्पांचा हात धरला आणि धरूनच ठेवला. मी मनात म्हणत होते, सोडा काकू, सोडा, कुणी बघेल. आणि कुणी बघतंय का म्हणून मान वर केली तर समोर मुकादमकाका बसलेले.

मुकादमकाका म्हणजे आमच्या खात्याचे मुकादम. मालकाचे कान आणि मालकाचं तोंड. अण्णांची पाळी नव्हती, हे पोलिसांना त्यांनीच सांगितलेलं. हा माणूस इथं आला कसा? काकूंना मी बाजूला घेऊन विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, त्यांनी यांना खांदा दिलाय, खांदा दिलेल्या माणसाला मुलाच्या पहिल्या मोठ्या कार्याला बोलवायचं नाही असं कसं चालेल? लेकाला त्यांनी सांगितलंही नव्हतं. मी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. मोबाइल दुरडीत टाकायला लावायचे, चादरी टांगायच्या, आणि ज्याच्यापासून लपवायचं त्याला कुंकू लावून आमंत्रण. पण काकूंच्या तोंडाकडे बघून मी तशीच आप्पांकडे वळले.

परत फिरावं म्हटलं तर तोवर मुकादमकाकांनी आप्पांना बघून हात केला होता. "या की, हितं बसा," म्हणाले आणि आपल्या पुढच्या खुर्चीवर थोपटलं. नाही कसं म्हणणार? आम्ही बसलो, आप्पा आणि मी, आणि बरोबर आमच्या मानेमागं ते. त्यांना सुपारीचं व्यसन. खिशात अडकित्ता कायम. बसल्या बसल्या त्यांनी तो काढला आणि माझ्या मागं कट्, कट् सुरू झालं. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. पुसायला हात मागं न्यायचीही मला भीती वाटत होती.

हॉल भरला. आमच्या खात्यातले बरेच आलेले, पण एकमेकांना ओळख न देता बसलेले. मुलगा पुढं येऊन उभा राहिला. मुकादमकाकांना बघून त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग त्यानं सांगितलं की या अल्बममध्ये एकाही जिवंत माणसाचं नाव नाही, हे मी वचन दिलंय. अडकित्ता थांबला. मग परत सुरू झाला.

गाणी कशी होती, ते मला नीट सांगता येणार नाही. चांगली असावीत. गळक्या पत्र्यावर एक होतं, पाळी बदलताना गेटात उभ्या राहणाऱ्या बायकांवर एक. पुढच्या रांगेतल्या पोरींनी ठेका धरला, एक जण रडत होता. मी मात्र प्रत्येक गाण्यात एकच शोधत होते, यात आप्पा कुठं दिसतात का. एखादा शब्द, एखादी लकब. आणि कान मागं, अडकित्त्यावर. तो चालू असला की मला श्वास घेता यायचा. तो थांबला की मी तिथंच गार.

मग गाणं संपून नुसतं बोलणं लागलं. आप्पांची साक्ष. आवाज दुसऱ्याचाच, नाटकात काम करणाऱ्या कुणाचा तरी, भरदार आणि शुद्ध. पाणी बोर्डावर येत होतं, आम्ही सांगितलं होतं, तो त्या दिवशी कामावरच होता. मागं कट्कट् बंद. सगळा हॉल बंद. स्पीकर एवढा मोठा होता की आप्पांच्याही कानांत शब्द शिरले, आणि ते माझ्याकडे वळले, तोंड उघडायला लागले. काय म्हणणार होते ते मला माहीत होतं. मी असं न्हाय म्हणलो, मी साधं बोललो हुतो, हेच. मी त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला की ते कळवळले. मग त्यांनी तोंड मिटलं. बोलणं संपलं. मागं सुपारीचं खांड फुटलं, कट्. मला वाटलं, सुटलो. देवा, सुटलो.

"आता शेवटचं," मुलगा म्हणाला. "यात मी गात नाही. यात बाबा आहेत."

अण्णांच्या जुन्या मोबाइलमध्ये त्याला एक रेकॉर्डिंग सापडलं होतं. खात्यात चाललेल्या मागांचं, कधी गंमत म्हणून केलेलं असणार. त्यानं तेच ठेका म्हणून घेतलं होतं. स्पीकरमधून माग सुरू झाले आणि खात्यातल्या सगळ्या माणसांचे खांदे एकदम सैल झाले. घरी आल्यागत. आप्पाही खुर्चीत मागं रेलले. आणि त्या धडधडीतून एक शीळ आली. तीन आखूड.

पुढच्या रांगेत आमच्या खात्याचा जॉबर, माग दुरुस्त करणारा, बसला होता. त्याची मान चटकन वळली आणि मग तो कानामागं खाजवल्यासारखं करायला लागला.

त्या क्षणी मला समजलं. या मुलानं सगळ्यांची नावं काळजीनं काढली होती. पण तो कधी मागावर उभा राहिलेला नाही. शीळ म्हणजे नाव, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला तो नुसता सूर वाटला होता, बापाचा, गोड. मी दोन्ही हातांनी आप्पांचं मनगट पकडलं. सगळा जीव लावून पकडलं. एक लांब शीळ झाली, ती दुसऱ्या कुणाची. मग थोडा वेळ नुसते माग.

मग दोन आखूड. एक लांब.

आप्पा उठले. मी धरलेल्या हातासकट उठले, मी खुर्चीतून ओढली गेले. त्यांनी दुसऱ्या हाताची दोन बोटं तोंडात घातली आणि त्या बंद हॉलमध्ये अशी शीळ दिली की चादरीमागच्या काचा थरथरल्या असतील. आणि तोंडानं मोठ्यांदा म्हणाले, "आलो, अण्णा."

खुर्च्या बाजूला सारत ते सरळ स्पीकरकडे निघाले. लोक वाट देत गेले. मुलानं घाबरून गाणं बंद केलं. एकदम झालेल्या त्या शांततेत आप्पा स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवून उभे होते, शुद्धीवर आल्यासारखे. मग ते काकूंकडे वळले. हळू बोलले, असं त्यांना वाटलं असणार. हॉलमधल्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं.

"त्या दिशी बी अशीच घातली हुती त्यानं. दोन आखूड झाल्या, लांब अर्ध्यात तुटली. माझ्या हातात सुताची तुटकी तार हुती, वहिनी. म्हणलं, एवढी तार जोडतो न् जातो. तार जोडून मग वळलो मी."

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, मला नाही, साक्ष देतानाही नाही. काकू पुढं आल्या. त्यांनी आप्पांना खुर्चीवर बसवलं आणि पदरानं वारा घालत राहिल्या. मी मागं वळून बघितलं. मुकादमकाका अडकित्ता मिटून खिशात ठेवत होते.

जिन्यात चपला घालताना ते माझ्या शेजारी आले. रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, दुकानाच्या मालकाशीसुद्धा भांडणारी मी. त्या वेळी मी नुसती चपलेचा पट्टा ओढत राहिले. ते म्हणाले, "आप्पांला घरला ने. उद्या पाळी हाय." एवढंच. रागानं नाही, प्रेमानं नाही. मी अजूनही ते वाक्य उलटसुलट करून बघते. त्यातून काहीही निघत नाही.

मुलगा खाली रस्त्यापर्यंत धावत आला. रडत होता. मला माहीत नव्हतं काका, मी ती शीळ काढून टाकतो, आजच काढतो, म्हणत होता. मी म्हटलं, काढच, आणि लवकर काढ. आप्पांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की ती राहू दे, त्यानं मला पुरी हाक मारलेली एवढी एकच उरलीय. मला आप्पांची इतकी चीड आली आणि इतकं रडूही आलं की घरापर्यंत मी त्यांच्या चार पावलं पुढंच चालले.

दुसऱ्या दिवशी आप्पा पाळीला गेले. आम्ही दोघी दाराकडे तोंड करून बसलो. पाळी संपली, आप्पा आले, जेवले. मालकानं बोलावलं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आईनं तरी तांब्यापितळेची भांडी एका पोत्यात भरून ठेवली, ऐनवेळी धांदल नको म्हणून. अल्बम बाहेर आला. चौकातल्या चहाच्या टपरीवर तो त्या शिळेसकट वाजताना मी ऐकला, पण आमच्या आवारात कुणाच्याही मोबाइलवर तो वाजला नाही. रखवालदार आमच्याकडे बघायचा बंद झाला. त्यानं रोखून बघितलेलं बरं होतं.

आणि खात्यात आप्पांना शीळ घालायची बंद झाली. कुणी ठरवलं नसेल, कुणी सांगितलंही नसेल. पण आता ती शीळ साऱ्या शहराला माहीत झाली होती. ती तोंडातून काढायची म्हणजे मी याच्या बाजूचा आहे असं मुकादमासमोर सांगण्यासारखं होतं. प्रत्येकाला आपापली खोली होती, चूल होती. त्यांना तरी काय बोलणार? काम असलं की लोक समोर येऊन खुणेनं सांगायचे, आणि काम नसलं की बघायचेच नाहीत. पाठीमागं काय होतंय ते आता आप्पांना सांगणारं कुणी नव्हतं. ते दर थोड्या वेळानं स्वतःच मागं वळून बघायला लागले. घरी आले की मान आखडलेली असायची. आई तेल चोळून द्यायची.

एक दिवस आप्पा आले ते कानाच्या वर रुमाल दाबून. मागच्या मागावरचा धोटा उडाला होता. बोटभर अलीकडं लागला असता तर डोळा गेला असता. आईनं हळद लावली. मग आप्पांच्या समोर जाऊन, ओठ दिसतील असं उभं राहून विचारलं, कुणी बघितलं नाही का?

"बघितलं की," आप्पा म्हणाले. "समोरचा बघत हुता."

आईनं हळदीची वाटी खाली ठेवली.  मला वाटलं आता ती आप्पांना बोलणार, त्या अल्बमला बोलणार, मला बोलणार. तिनं रक्ताचा रुमाल उचलला आणि धुवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. आप्पा पाळीला गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोटं कुटली घालायची गं तोंडात?"

मला आधी कळेना. मग कळलं तेव्हा मी हसले नाही, कारण तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीच नव्हतं. मी दाखवलं. जीभ अशी दुमडायची, ओठ दातांवर घ्यायचे. तिच्या तोंडातून नुसती हवा यायची. सकाळभर ती हवाच काढत बसली, मध्येच उठून दाराला कडी आहे ना ते बघून यायची. शेवटी एक बारीक सूर निघाला तेव्हा ती स्वतःच दचकली. अवदसेचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही.

मग ती मागच्या खिडकीपाशी गेली. रंगानं चिकटलेल्या कडीवर तिनं वरवंट्यानं ठोकलं. खिडकी उघडली तसा मागांचा आवाज आणि पिंज एकदम आत आली, शिवून ठेवलेल्या पांढऱ्या शर्टांवर पसरली. तिनं मशीन ओढून खिडकीशी आणलं. तिथून आप्पांची पाठ दिसत होती. त्यांच्या मागची वाट दिसत होती. आणि खात्याच्या दाराशी मुकादमकाका उभे होते, तेही दिसत होते. मी आईचा दंड धरला, म्हटलं, नको, ते बघतायत. तिनं माझा हात काढून टाकला. डोक्यावरचा पदर नीट केला आणि दोन बोटं तोंडात घातली.

दोन आखूड. एक लांब. शेवटाला वर चढवता आली नाही तिला.

खात्यातली सगळी डोकी वळली. जॉबरचं, समोरच्याचं, मुकादमकाकांचं. आप्पांच्या हातात तुटलेली तार होती. ती त्यांनी तशीच सोडली आणि खिडकीकडे वळून हात वर केला.

"ऐकू जातंय," आई मला म्हणाली. मग ती खाली बसली, शर्टावरची पिंज झटकली आणि खिडकीकडे तोंड करून शिवायला लागली.